एपीआय क्लायंटची निवड: रिक्वेस्टचा संग्रह कोणाच्या ताब्यात ठेवायचा?

सर्व्हरला एखादी रिक्वेस्ट पाठवून काय उत्तर येते ते पाहायचे, एवढेच काम असेल तर कोणतेही एपीआय क्लायंट (एपीआय म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलण्याचा ठरलेला मार्ग; त्यावर रिक्वेस्ट पाठवून पाहण्याचे साधन म्हणजे क्लायंट) चालते. अडचण सुरू होते ती काही महिन्यांनी. तोपर्यंत दीडदोनशे रिक्वेस्ट साठलेल्या असतात. कोणीतरी खटपट करून शोधलेला एखादा पॅरामीटर, लॉगिनचा नेमका क्रम, कोणत्या हेडरशिवाय (रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीशिवाय) सर्व्हर उत्तर देत नाही याचे ज्ञान असे बरेच काही त्यांत मुरलेले असते, आणि एपीआयच्या अधिकृत दस्तऐवजापेक्षा हा संग्रहच टीमचा खरा आधार होऊन बसतो. म्हणून साधन निवडताना त्यात सोयी किती आहेत हे नंतर पाहावे; हा संग्रह कोणत्या स्वरूपात आणि कोणाच्या ताब्यात राहणार, हे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पायरी १: आठवडाभराच्या कामाची नोंद

साधनांची संकेतस्थळे उघडण्याआधी एक आठवडा आपण स्वतः काय करतो ते लिहून ठेवावे. दिवसातून किती वेळा एकच रिक्वेस्ट थोडा बदल करून पाठवली, किती वेळा एका रिस्पॉन्समधला आयडी उचलून दुसऱ्या रिक्वेस्टमध्ये टाकला, टोकनची (ओळख पटवणाऱ्या किल्लीची) मुदत संपल्यामुळे किती वेळा काम अडले, सहकाऱ्याला रिक्वेस्ट कशी पाठवली, आणि ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून ‘कॉपी ॲज कर्ल’ (रिक्वेस्ट कर्ल या टर्मिनल साधनाची ओळ म्हणून उचलण्याची सोय) किती वेळा वापरले, एवढ्या गोष्टी नोंदवल्या तरी पुरे.

ही नोंद पाहिली की बहुतेकांच्या लक्षात येते की आपल्या कामाचे दोन वेगळे भाग आहेत. एक चाचपणीचा, ज्यात रिक्वेस्ट पाठवून लगेच विसरून जायची असते. दुसरा जपणुकीचा, ज्यात तीच रिक्वेस्ट सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तरी चालवायची असते. दोन्हींसाठी एकच साधन असावे असा हट्ट धरू नये. चाचपणीसाठी टर्मिनल आणि जपणुकीसाठी फाइलींवर चालणारे साधन ही जोडी मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि त्यात कधी अडल्यासारखे वाटलेले नाही.

पायरी २: संग्रह कुठे राहतो ते पाहणे

या बाबतीत साधनांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात संग्रह साधन पुरवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडवर राहतो. पोस्टमन हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरचे एक्स्टेन्शन म्हणून सुरू झालेले हे साधन आता दस्तऐवज, मॉक सर्व्हर (खऱ्या सर्व्हरऐवजी ठरावीक उत्तरे देणारा), मॉनिटर, सामायिक वर्कस्पेस अशा अनेक सोयींचे मोठे व्यासपीठ झाले आहे. नवा माणूस टीममध्ये आला की त्याला वर्कस्पेसमध्ये घ्यायचे आणि काही मिनिटांत सगळे त्याच्यासमोर, ही सोय खरोखर मोलाची आहे, विशेषतः टेस्टर, प्रॉडक्ट मॅनेजर यांसारखी गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) न वापरणारी माणसे सोबत काम करत असतील तर. मात्र संग्रहाचा इतिहास, त्यातले बदल आणि त्यावरचे अधिकार हे सर्व कोडच्या बाहेर, दुसऱ्याच्या यंत्रणेत राहते. कोडची शाखा बदलली म्हणून कलेक्शन, म्हणजे हा संग्रह, आपोआप बदलत नाही.

दुसऱ्या प्रकारात संग्रह आपल्या डिस्कवर साध्या मजकुराच्या फाइलींत राहतो. ब्रूनो या मुक्तस्रोत साधनात प्रत्येक रिक्वेस्टची स्वतंत्र फाइल असते. फोल्डर म्हणजेच कलेक्शन. ते फोल्डर कोडच्या रेपॉझिटरीत (गिटने सांभाळलेल्या फोल्डरात) ठेवले की एपीआयमधला बदल आणि त्याची रिक्वेस्ट एकाच कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलात) जातात आणि परीक्षण करणाऱ्याला दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. ‘एचटीटीपी’ हे एक्स्टेन्शन असलेल्या फाइली हाही याच कुळातला मार्ग आहे. व्हीएस कोडचे ‘रेस्ट क्लायंट’ एक्स्टेन्शन, जेटब्रेन्सच्या आयडीईंमधले (कोड लिहिण्याच्या साधनांमधले) एचटीटीपी क्लायंट आणि व्हिज्युअल स्टुडिओ हे सर्व अशा फाइली चालवतात. तीन हॅश चिन्हांनी रिक्वेस्ट वेगळ्या करायच्या, पहिल्या ओळीत मेथड (गेट, पोस्ट असा रिक्वेस्टचा प्रकार) आणि पत्ता, खाली हेडर, मग एक रिकामी ओळ आणि बॉडी (पाठवायचा मजकूर), इतके साधे हे स्वरूप आहे. येथे एक सावधगिरी बाळगावी. एक्स्टेन्शन सारखे असले तरी बोली वेगवेगळ्या आहेत. व्हेरिएबल, आधीच्या रिस्पॉन्समधून मूल्य उचलणे आणि चाचण्यांचे स्क्रिप्ट यांची लिहिण्याची पद्धत संपादकागणिक बदलते. टीममध्ये दोन संपादक वापरले जात असतील तर फाइलींचा साधा, सामाईक भागच वापरावा किंवा एकाच बोलीवर एकमत करावे.

तिसरा प्रकार टर्मिनलचा. कर्ल हा त्यातला जुनाजाणता. डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये या नावाने प्रकाशित केलेले हे साधन मॅकओएससोबत येते, बहुतेक लिनक्स वितरणांत सहज मिळते आणि २०१८ पासून विंडोज १० मध्येही आधीच बसवलेले असते. त्यामुळे कर्लची एक ओळ ही डेव्हलपरांची सामाईक भाषा बनली आहे. बगच्या तक्रारीत कर्लची ओळ दिली की समोरच्याला काहीही नव्याने बसवावे लागत नाही. २०१२ मध्ये आलेले एचटीटीपाय हे पायथनमध्ये लिहिलेले साधन त्याच कामाला अधिक वाचनीय रूप देते. नाव आणि मूल्य यांच्यामध्ये नुसते बरोबरचे चिन्ह दिले की ते जेसनमध्ये (माहिती मजकुराच्या रूपात मांडण्याच्या स्वरूपात) मजकूर म्हणून जाते, अपूर्णविराम आणि बरोबर अशी दोन चिन्हे दिली की संख्या किंवा ट्रू-फॉल्ससारखे मूल्य म्हणून जाते, आणि नुसता अपूर्णविराम दिला की हेडर होतो. इथे संग्रह म्हणजे शेलच्या स्क्रिप्ट. त्यांना शिस्त लावणे मात्र सर्वस्वी आपल्यावर असते.

ताब्याचा प्रश्न मी इतक्या आग्रहाने का मांडतो, याला कारण आहे. मे २०२३ मध्ये पोस्टमनने खात्याविना वापरता येणारे ‘स्क्रॅच पॅड’ टप्प्याटप्प्याने बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इन्सोम्निया या दुसऱ्या एपीआय क्लायंटच्या आठव्या आवृत्तीने खाते सक्तीचे केले. वापरकर्त्यांनी जोरदार विरोध केल्यावर स्थानिक साठवणुकीचे पर्याय पुन्हा देण्यात आले. दोन्ही कंपन्यांना आपल्या उत्पादनाची दिशा ठरवण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु ज्यांच्या सुरक्षा धोरणानुसार रिक्वेस्टचा तपशील कंपनीच्या यंत्रांबाहेर नेता येत नाही, त्यांना अल्पावधीत नवी वाट शोधावी लागली. साध्या फाइलींत संग्रह असता तर साधन बदलून काम पुढे चालू ठेवता आले असते.

तेव्हा या पायरीवर उमेदवार साधनात एक रिक्वेस्ट तयार करावी, साधन बंद करावे आणि ती रिक्वेस्ट डिस्कवर कुठे व कशी लिहिली गेली ते शोधावे. फाइल सापडली तर साध्या संपादकात उघडावी, एक हेडर हाताने बदलावा आणि साधन पुन्हा उघडून तो बदल दिसतो का ते पाहावे. त्यानंतर बॉडीतला एकच शब्द बदलून गिटचा फरक तपासावा. फरकात नेमकी तेवढीच ओळ दिसली तर उत्तम. आयडी, कालखुणा आणि क्रम बदललेल्या पन्नास ओळी दिसल्या तर त्या फाइलीचे परीक्षण कोणी मनापासून करणार नाही, हे धरून चालावे.

पायरी ३: टोकन आणि पासवर्ड कुठे पडतात

संग्रह रेपॉझिटरीत ठेवण्याचा निर्णय झाला की हा धोका लगेच समोर येतो. मी ज्या टीममध्ये होतो तिथे एका सहकाऱ्याने घाईत टोकन थेट हेडरमध्ये चिकटवले, रिक्वेस्ट चालली, आणि ती फाइल तशीच कमिट झाली. चूक ध्यानात आल्यावर पुढच्या कमिटमध्ये टोकन काढले गेले, पण गिटच्या इतिहासात ते तसेच राहिले. अखेर टोकन रद्द करून नवे काढावे लागले. अशा वेळी टोकन रद्द करणे हाच पहिला उपाय असतो. इतिहास साफ करण्याचा विचार त्यानंतर.

प्रत्येक साधनात गुपिते वेगळी ठेवण्याची काही ना काही सोय असते. ती नेमकी कशी चालते ते समजून घ्यावे. ब्रूनोमध्ये एन्व्हायर्नमेंटमधले (एखाद्या सर्व्हरसाठी ठेवलेल्या मूल्यांच्या संचातले) व्हेरिएबल ‘सीक्रेट’ म्हणून खूण केले की त्याचे मूल्य कलेक्शनच्या फाइलीत लिहिले जात नाही, आणि ‘एन्व्ह’ फाइलीतूनही मूल्ये घेता येतात. जेटब्रेन्सच्या क्लायंटमध्ये एन्व्हायर्नमेंटच्या दोन फाइली असतात, एक सर्वांसाठी आणि दुसरी खासगी. खासगी फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत घालायची असते. पोस्टमनमध्ये व्हेरिएबलचे एक मूल्य टीमसोबत वाटले जाणारे आणि दुसरे फक्त आपल्यापुरते असते, शिवाय गुपितांसाठी स्वतंत्र व्हॉल्ट आहे. इथली नेहमीची चूक म्हणजे टोकन वाटल्या जाणाऱ्या रकान्यात टाकणे. वर्कस्पेस सार्वजनिक असेल तर ते टोकन साऱ्या जगासाठी उघडे होते.

टर्मिनल यातून सुटते असे समजू नये. कर्लच्या ओळीत टोकन लिहिले की ते शेलच्या इतिहासात जाते. त्यापेक्षा हेडर फाइलमधून वाचण्याची सोय वापरावी किंवा नेट-आरसी या लॉगिनचा तपशील ठेवणाऱ्या फाइलीचा आधार घ्यावा. आणि ‘कॉपी ॲज कर्ल’ वापरून सहकाऱ्याला ओळ पाठवताना तिच्यात आपली कुकी जशीच्या तशी असते, हे दर वेळी आठवावे.

तपासणीची पद्धत सोपी आहे. टोकन म्हणून एखादा विचित्र, सहज ओळखू येणारा शब्द घ्यावा, तो साधनाने सुचवलेल्या सुरक्षित पद्धतीने भरावा, दोनतीन रिक्वेस्ट पाठवाव्यात, कलेक्शन निर्यात करावे आणि मग निर्यात केलेली फाइल, कलेक्शनचे फोल्डर व साधनाच्या नोंदींचे फोल्डर यांत तो शब्द शोधावा. रिक्वेस्टचा इतिहास हा अनेकांच्या नजरेतून सुटणारा कोपरा असतो. खरे टोकन भरलेली पूर्ण रिक्वेस्ट तिथे जपून ठेवलेली असू शकते.

पायरी ४: अवघड रिक्वेस्टची कसोटी

साध्या गेट रिक्वेस्टवर सगळीच साधने सारखी दिसतात. फरक उघड होतो तो कडेच्या प्रसंगांत. म्हणून प्रत्येक उमेदवार साधनावर त्याच त्या चार कठीण रिक्वेस्ट चालवाव्यात. समोर एखादा छोटा चाचणी सर्व्हर ठेवावा, जो आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी नोंदवून ठेवतो. आपण काय पाठवले असे साधन म्हणते आणि प्रत्यक्षात काय पोहोचले, या दोहोंची तुलना त्याशिवाय होत नाही.

पहिली कसोटी मोठ्या संख्येची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सर्व्हरने जेसनमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या आयडी म्हणून द्यावी. बहुतेक ग्राफिकल साधने आणि त्यांची स्क्रिप्ट जावास्क्रिप्टवर चालतात, आणि जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापलीकडे प्रत्येक पूर्णांक अचूक ठेवू शकत नाही. त्यामुळे ती संख्या वाचताना शेवटचा तीन जाऊन दोन येतो. सुबक मांडणीच्या दृश्यात ९००७१९९२५४७४०९९२ दिसते का आणि कच्च्या दृश्यात काय दिसते, ते दोन्ही पाहावे. मग चाचणीचे स्क्रिप्ट लिहून आयडी शेवटी दोन असलेल्या संख्येइतकाच आहे का, असे विचारावे. चाचणी उत्तीर्ण झाली तर समजावे की हे साधन दोन वेगळ्या आयडींना एकच मानू शकते. चौसष्ट बिटांचे आयडी वापरणाऱ्या यंत्रणेत हा आयडी उचलून पुढची रिक्वेस्ट पाठवली, तर ती भलत्याच नोंदीवर जाते किंवा ‘४०४’ (सापडले नाही) येते, आणि डेव्हलपर दिवसभर सर्व्हरमधला बग शोधत बसतो. सर्व्हरच्या बाजूने आयडी मजकूर म्हणून देणे हा यावरचा खरा इलाज आहे. परंतु ज्या एपीआयवर आपला ताबा नाही तिथे साधनाची ही मर्यादा आधीच माहीत असलेली बरी.

दुसरी कसोटी रीडायरेक्टची, म्हणजे सर्व्हर दुसऱ्या पत्त्याकडे पाठवतो त्या प्रसंगाची. पोस्ट रिक्वेस्टला सर्व्हरने ‘३०२’ दिले तर बहुतेक क्लायंट पुढची रिक्वेस्ट गेट म्हणून पाठवतात आणि बॉडी गळते. ‘३०७’ आणि ‘३०८’ मध्ये मेथड कायम ठेवायची असते. कर्ल सांगितल्याशिवाय रीडायरेक्टच्या मागे जातच नाही, तर पोस्टमन मुळातच जाते. रीडायरेक्ट दुसऱ्या होस्टकडे असेल तेव्हा ऑथरायझेशन हेडर सोबत जातो का, हे तर सुरक्षेच्या दृष्टीने तपासलेच पाहिजे. ही सवय प्रत्येक रिक्वेस्टसाठी वेगळी बदलता येते का आणि मधले सर्व टप्पे दिसतात का, हे नोंदवावे.

तिसरी कसोटी एन्कोडिंगची. क्वेरीच्या मूल्यात अधिक चिन्ह, स्पेस, टक्केचिन्ह आणि देवनागरी शब्द टाकून पाहावे. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून पत्त्यात त्याचे तीन टक्केचिन्हांचे तुकडे होतात. अधिक चिन्हाचा अर्थ अनेक सर्व्हर स्पेस असा लावतात, त्यामुळे अधिक चिन्हासह लिहिलेला फोन क्रमांक चाळणीत टाकला आणि काहीच सापडले नाही, असा प्रकार घडतो. आधीच एन्कोड केलेले मूल्य चिकटवल्यावर साधन ते दुसऱ्यांदा एन्कोड करते का, हेही याच वेळी कळते.

चौथी कसोटी प्रमाणपत्रांची. अंतर्गत सर्व्हर स्वतःच्या प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र वापरत असेल, किंवा सर्व्हर क्लायंटचेही प्रमाणपत्र मागत असेल, तर ते कुठे भरायचे आणि ते होस्टनुसार वेगळे ठेवता येते का, ते पाहावे. टीएलएसची (सुरक्षित जोडणीतल्या प्रमाणपत्राची) पडताळणी बंद करण्याचा खटका सर्व रिक्वेस्टना एकदम लागू होत असेल तर तो कधीच वापरू नये. स्थानिक सर्व्हरसाठी बंद केलेली पडताळणी उत्पादन सर्व्हरशी बोलतानाही बंदच राहते.

याच टप्प्यावर साधन स्वतःहून कोणते हेडर जोडते तेही चाचणी सर्व्हरच्या नोंदीत पाहून घ्यावे. यूझर-एजंट, ॲक्सेप्ट, कुकी यांसारखे हेडर आपण न लिहिता जातात, आणि ‘क्लायंटमधून चालते पण माझ्या कोडमधून चालत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच असते. त्या तक्रारीचे दुसरे मूळ सीओआरएस, म्हणजे एका संकेतस्थळाच्या पानाने दुसऱ्या सर्व्हरचे उत्तर वाचण्यावरचे बंधन, हे आहे. ते बंधन ब्राउझर पाळतो, डेस्कटॉपवरची साधने पाळत नाहीत. त्यामुळे क्लायंटमध्ये यशस्वी झालेली रिक्वेस्ट वेब पानातून अडू शकते. हॉपस्कॉचसारखे ब्राउझरमध्ये चालणारे साधन निवडले तर हेच उलट बाजूने अनुभवास येते आणि प्रॉक्सी, एक्स्टेन्शन किंवा स्थानिक एजंट यांची मदत घ्यावी लागते. परक्याच्या प्रॉक्सीमधून टोकन जाऊ द्यायचे नसेल तर हॉपस्कॉच स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते.

पायरी ५: ओऑथ आणि रेस्टपलीकडचे प्रोटोकॉल

पासवर्ड न देता टोकनद्वारे प्रवेश देण्याचा प्रोटोकॉल ओऑथ २.० हा आरएफसी ६७४९ म्हणून २०१२ मध्ये आणि चोरलेला ऑथरायझेशन कोड दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणून त्याला जोडलेला पीकेसीई हा आरएफसी ७६३६ म्हणून २०१५ मध्ये प्रकाशित झाला. आपला एपीआय ओऑथ वापरत असेल तर साधन पीकेसीईसह ऑथरायझेशन कोडचा पूर्ण प्रवास करते का, टोकन संपल्यावर रिफ्रेश टोकन वापरून आपोआप नवे आणते का, आणि साधनाचा कॉलबॅक पत्ता (लॉगिननंतर उत्तर जिथे परत येते तो) आपल्या ऑथरायझेशन सर्व्हरवर नोंदवता येतो का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसरा प्रश्न आधीच सुरक्षा विभागाला विचारावा, कारण परक्या डोमेनचा कॉलबॅक अनेक ठिकाणी मंजूर होत नाही.

ग्राफक्यूएलमध्ये (हवा तेवढाच तपशील मागण्याच्या एपीआय-भाषेत) चूक झाली तरी स्टेटस बऱ्याचदा ‘२००’ असतो आणि चुकीचा तपशील बॉडीतल्या ‘एरर्स’ या भागात येतो, म्हणून केवळ स्टेटस तपासणारी चाचणी तिथे निरुपयोगी ठरते. जीआरपीसी (सर्व्हरवरची फंक्शने दुरून बोलावण्याची पद्धत) असेल तर साधन प्रोटो फाइली (त्या फंक्शनांचे वर्णन) आणि सर्व्हर रिफ्लेक्शन (सर्व्हरनेच ते वर्णन देणे) दोन्ही समजते का आणि स्ट्रीमिंगचे प्रकार हाताळते का ते पाहावे. पोस्टमन व इन्सोम्निया यांत ही सोय आहे आणि टर्मिनलवर जीआरपीसीकर्ल आहे. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (उघड्या जोडणीवरून सर्व्हर एकेक घटना पाठवत राहण्याची पद्धत) वापरत असल्यास घटना येतील तशा दिसतात की जोडणी बंद झाल्यावर एकदम दिसतात, एवढे पाहावे.

पायरी ६: माणसाविना चालवून पाहणे

संग्रह जपायचा असेल तर तो सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) रोज चालला पाहिजे; न चालणारा संग्रह काही आठवड्यांतच खोटा पडतो. पोस्टमनच्या कलेक्शनसाठी न्यूमन, ब्रूनोसाठी त्याचे स्वतःचे कमांड लाइन साधन, इन्सोम्नियासाठी इन्सो, अशी जोडसाधने आहेत. केवळ चाचण्यांसाठीच काही हवे असेल तर हर्ल पाहावे. लिबकर्लवर उभे असलेले हे साधन साध्या मजकुराच्या फाइलीत रिक्वेस्ट, तिच्याखाली अपेक्षित रिस्पॉन्स, उचलायची मूल्ये आणि अटी असे एकाखाली एक लिहू देते. त्या फाइली वाचताना संवाद वाचल्यासारखे वाटते आणि नव्या माणसाला एपीआयचा क्रम समजावून सांगण्यासाठी मी त्याच पुढे करतो.

सीआयमध्ये घालण्याआधी एक गोष्ट मुद्दाम बिघडवून पाहावी. एखादी अट चुकीची लिहावी आणि साधन शून्याखेरीज वेगळा एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना यश-अपयश सांगणारा आकडा) देते का ते पाहावे. कर्लच्या स्क्रिप्ट वापरणाऱ्यांना हे विशेष लागू आहे, कारण सर्व्हरने ‘५००’ दिले तरी कर्लच्या दृष्टीने देवाणघेवाण पूर्ण झालेली असते आणि ते शून्य परतवते. ‘फेल’ हा पर्याय दिल्यावरच ते अपयश मानते. निकाल जेयुनिटच्या (चाचण्यांच्या अहवालाच्या प्रचलित) स्वरूपात मिळतो का हेही पाहावे, म्हणजे सीआयच्या पानावर कोणती रिक्वेस्ट पडली ते नावानिशी दिसते.

पायरी ७: परवाना आणि खर्च

इथे फार वेळ घालवू नये. योजना आणि किमती वारंवार बदलतात, त्यामुळे आजचा आकडा पाहण्यापेक्षा किंमत कशावर आकारली जाते ते पाहावे: माणसांच्या संख्येवर, कलेक्शन चालवण्याच्या संख्येवर की सोयींच्या पातळीवर. टीम दुप्पट झाली तर काय होईल, याचा हिशेब आजच करावा. मुक्तस्रोत साधनांच्या बाबतीत परवान्याखेरीज देखभाल कोण करते आणि सुरक्षेच्या तक्रारींना उत्तर मिळते का, ते रेपॉझिटरीत पाहून घ्यावे.

पायरी ८: बाहेर पडण्याचा सराव, मग निर्णय

साधन स्वीकारण्याआधी त्यातून बाहेर पडून पाहावे. दहाएक रिक्वेस्टचे कलेक्शन, ज्यात फोल्डर, एन्व्हायर्नमेंट, एक फाइल अपलोड, एक स्क्रिप्ट आणि एक ओऑथची रिक्वेस्ट आहे, ते निर्यात करून दुसऱ्या साधनात आयात करावे आणि काय गळाले ते मोजावे. पत्ते, हेडर आणि बॉडी बहुधा सुखरूप येतात. स्क्रिप्ट, फोल्डर पातळीवरचे ऑथ आणि फाइलींचे मार्ग यांवर गदा येते. म्हणून साधनाच्या खास भाषेतली स्क्रिप्ट जितकी कमी, तितके पुढे स्थलांतर सोपे, हे आरंभापासून ध्यानात ठेवावे.

निर्णयाबद्दल माझे मत स्पष्ट सांगतो. एकटा डेव्हलपर किंवा सर्वजण गिट वापरणारी टीम असेल, तर ब्रूनो किंवा एचटीटीपी फाइली घ्याव्यात. टीम एकाच आयडीईवर असेल तर एचटीटीपी फाइली अधिक सोयीच्या, कारण वेगळे साधन उघडावे लागत नाही. डेव्हलपरांपेक्षा इतर लोक संग्रह जास्त वापरत असतील, किंवा मॉक सर्व्हर आणि प्रकाशित दस्तऐवज एकाच जागी हवे असतील, तर पोस्टमनला तोड मिळणे कठीण. मात्र कलेक्शनची निर्यात ठरावीक काळाने रेपॉझिटरीत ठेवत जावी. चाचण्या हेच मुख्य काम असेल तर हर्ल. आणि कोणतेही साधन घेतले तरी कर्ल शिकावेच. सर्व्हरवर रात्री शिरून काही तपासायची वेळ येते तेव्हा तिथे बहुधा तेच असते.

पायरी ९: स्थलांतर

संपूर्ण संग्रह एका दिवसात हलवू नये. सीआयमध्ये चालणाऱ्या आणि गेल्या महिन्यात प्रत्यक्ष वापरलेल्या रिक्वेस्ट आधी न्याव्यात. उरलेल्यांपैकी बऱ्याच मृत असतात आणि त्या मागेच राहिल्या तरी कोणाचे अडत नाही. एपीआयची ओपनएपीआय व्याख्या (एपीआयचे यंत्राला वाचता येणारे वर्णन) अद्ययावत असेल, तर जुन्या कलेक्शनऐवजी तिच्यातूनच नव्या साधनात आयात करावी, म्हणजे कालबाह्य पॅरामीटर सोबत येत नाहीत. हलवलेली प्रत्येक रिक्वेस्ट जुन्या आणि नव्या दोन्ही साधनांतून चाचणी सर्व्हरवर पाठवून नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन आठवडे जुने कलेक्शन केवळ वाचण्यापुरते ठेवावे, म्हणजे कोणी चुकून तिथेच नवा बदल करणार नाही.

ती मुदत संपल्यावर जुन्या खात्यातली कलेक्शन, एन्व्हायर्नमेंट आणि रिक्वेस्टचा इतिहास पुसावा, टीममधल्या ज्यांनी आपापल्या यंत्रावर प्रती काढल्या होत्या त्यांनाही त्या पुसायला सांगावे, आणि त्या साधनात कधीही भरले गेलेले प्रत्येक टोकन व पासवर्ड रद्द करून नवे काढावे. ही यादी आठवणीने न करता पायरी ३ मध्ये तपासलेल्या ठिकाणांवरून करावी.